सेट चालू असताना यूएसबी केबल निसटते, काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लॅपटॉपवर डीजे म्हणून वाजवता: लॅपटॉप स्टँडवर, त्याखाली कंट्रोलर, म्हणजे गाणी हाताळायचं बटणांचं यंत्र, आणि दोघांना जोडणारी एकच यूएसबी केबल. दोन महिन्यांत तीनदा ऐन सेटमध्ये, म्हणजे लोकांसमोर सलग वाजवत असताना, आवाज बंद पडला. पहिल्या दोन वेळा केबल निसटलेली दिसली. तिसऱ्या वेळी तुम्ही प्लगभोवती टेप गुंडाळला होता आणि प्लग जागेवरच होता, तरी सॉफ्टवेअरने कंट्रोलर सापडत नाही म्हणून हात वर केले. आता तुम्ही विचारताय की लॉक होणारी यूएसबी केबल मिळते का, आणि मिळत नसेल तर प्लग गोंदाने चिकटवून टाकू का.

गोंद नको. का नको ते पुढे येईलच. लॉकच्या केबलबद्दलही सांगतो. पण त्याआधी एक: तुमच्या तीन घटना एकाच दुखण्याच्या नाहीत. पहिल्या दोन वेळा केबलवर ताण आला. तिसऱ्या वेळी प्लग हललाच नव्हता. तिन्हींवर एकच इलाज करायला गेलात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.

मी बरीच वर्षं लॅपटॉपवर वाजवतोय, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांची टेबलं लावून दिली आहेत. तरी तुमचं टेबल मी पाहिलेलं नाही. लॅपटॉपचा पोर्ट जुना चौकोनी आहे की छोटा गोलसर, तुम्ही एकटेच वाजवता की एका टेबलावर तीन-चार जण आळीपाळीने येतात, टेबल तुमचं की भाड्याचं, सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, किती जवळ, या सगळ्यावर उत्तर थोडं थोडं बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगत जाईन.

मूळ अडचण अशी की यूएसबीला खटकाच नाही. माइकची एक्सएलआर केबल लावली की टक् वाजतं आणि काढताना कळ दाबावी लागते. लॅनच्या केबललासुद्धा प्लास्टिकची जीभ असते. यूएसबी १९९६ साली आली ती कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्यासाठी. ऑफिसच्या टेबलावर एकदा लावायची आणि विसरून जायचं. तिथे तिला कोण ओढणार? त्यामुळे ती नुसत्या घर्षणावर धरून असते. यूएसबीच्या अधिकृत मानकानुसार नवा यूएसबी-ए प्लग बाहेर यायला किमान १० न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण एक किलो वजन टांगल्याइतका. ऐकायला पुरेसा वाटतो. पण ते मोजमाप सरळ रेषेत, सावकाश ओढून केलेलं असतं. आपल्याकडे प्लग सरळ ओढला जातच नाही. केबल खाली लोंबते, तिच्या वजनाने प्लग एका बाजूला कलतो, मनगटाचा धक्का आडवा बसतो, आणि शेजारचा सबवूफर तासन्‌तास त्याला थरथरवत ठेवतो. प्लग आधी अर्धा मिलिमीटर सरकतो, मग एक. निसटण्याचा क्षण तुम्हाला दिसतो, पण तो निघालेला असतो तासाभरापूर्वीच.

स्टँडमुळे यात भर पडते. लॅपटॉप टेबलावर सपाट असला तर केबल टेबलावर टेकलेली असते, तिचं वजन टेबल घेतं. स्टँडवर चढवला की अख्खी केबल पोर्टला टांगलेली राहते. बहुतेक जण स्टँड घेतात आणि केबल जुनीच, जुन्याच पद्धतीने लावतात.

आता झिजेबद्दल, कारण इथेच लोक चुकीची वस्तू बदलतात. जुन्या चौकोनी यूएसबी-ए मध्ये पकड देणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या सॉकेटमध्ये असतात, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात. प्लग म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्यामुळे पोर्ट सैल झाला असेल तर कितीही भारी केबल आणा, ती सैलच बसणार. यूएसबी-सी मध्ये हे मुद्दाम उलटं केलंय: धरून ठेवणारे स्प्रिंग केबलच्या टोकात आहेत, म्हणजे झिजली तर केबल बदलायची, लॅपटॉप नाही. साधा यूएसबी-ए १,५०० वेळा लावणं-काढणं सहन करेल अशा हिशेबाने बनवलेला असतो, यूएसबी-सी १०,००० वेळा. कंट्रोलरच्या मागचं चौकोनी यूएसबी-बी हेही जुन्या पिढीचं, त्याचा हिशेबही १,५०० चाच. रोज घरी सराव, मग साउंडचेक, मग सेट, असं दिवसाला चार वेळा लावलं-काढलं तर वर्षभरात तो आकडा गाठला जातो. याचा अर्थ त्या दिवशी पोर्ट मरतो असा नाही, पण चार-पाच वर्षं वापरलेल्या कंट्रोलरकडून नव्यासारख्या पकडीची अपेक्षा नको.

म्हणून काही विकत घेण्याआधी घरी एक चाचणी करा. कंट्रोलर जोडा, हेडफोन लावा, एखादा ट्रॅक चालू ठेवा. लॅपटॉपकडचा प्लग दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. जोर लावायचा नाही, कोपर लागल्यावर बसेल तेवढाच धक्का. मग कंट्रोलरकडचा. मग केबल प्लगच्या मानेपाशी, म्हणजे जिथे ती प्लगमधून बाहेर पडते तिथे, थोडी वाकवून बघा. आवाज कुठे तुटतो ते लिहून ठेवा. त्यानंतर दुसरी केबल लावून हेच सगळं परत. दोन्ही केबलना एकाच पोर्टवर आवाज तुटला तर दोष पोर्टचा. एकाच केबलला दोन्ही पोर्टवर तुटला तर ती केबल सरळ फेकून द्या. बॅगेत परत ठेवू नका, अंधारात नेमकी तीच हाताला लागते.

पोर्ट यूएसबी-सी असेल तर चाचणीआधी आत टॉर्च मारून बघा. बॅगेतली धूळ आणि कापसाचे तंतू आत जातात आणि दर वेळी प्लग लावताना तळाशी दाबले जातात. त्यांची गादी झाली की प्लग पूर्ण आत बसतच नाही. बाहेरून बसल्यासारखा दिसतो, पण पकडीपर्यंत पोहोचलेला नसतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने ती गादी सावकाश उकरून काढा, मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता. सुई किंवा पिन नको. ‘पोर्ट गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांपैकी बरेच यातच सुटले.

आता तुमची तिसरी वेळ. प्लग जागेवर, तरी कंट्रोलर गायब. माझा पहिला संशय तुमच्या टेपवरच आहे. प्लगभोवती घट्ट टेप गुंडाळला की केबलची मान एका कोनात अडकते. तिथल्या केसाएवढ्या बारीक तारा रोज त्याच जागी वाकतात आणि आतल्या आत तुटतात. बाहेरचं आवरण शाबूत असतं. शिवाय असा टेप प्लगला केबलशी बांधतो, आणि ते दोघे आधीच जोडलेले होते. निसटायचा धोका प्लग आणि पोर्ट यांच्यामधला आहे, तिथे टेपचा काही उपयोग झालेला नसतो.

दुसरा संशय वीजबचतीवर. विंडोज लॅपटॉप असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सोय असते, ती बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, तीही काढा. तिसरा संशय विजेच्या तुटवड्याचा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, ३.० चा ९०० मिलिअँपिअर. कंट्रोलर यूएसबीवरच चालत असेल, पॅडचे दिवे लखलखीत असतील, हेडफोन जोरात असेल आणि त्याच हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडावर, गाण्यांची हार्ड डिस्कही लटकत असेल, तर एखाद्या क्षणी वीज कमी पडून कंट्रोलर डुलकी घेतो. त्याचा स्वतःचा अडॅप्टर असेल तर तो लावा, नाहीतर हब मधून काढून कंट्रोलर थेट लॅपटॉपला जोडा.

थोडक्यात, आधी दोष पोर्टचा, केबलचा की सेटिंगचा ते ठरवा. पुढे जे सांगतोय ते या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच कामाचं.

केबल बांधण्याचं तत्त्व साधं आहे: ताण प्लगपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. प्लगपासून बांधलेल्या जागेपर्यंत केबलला झोल हवा, आणि त्यापलीकडे कुणी ओढलं तर ते ओढणं टेबलाने सोसायचं. मी असं करतो: लॅपटॉपच्या पोर्टमधून केबल बाहेर आली की मुठीएवढं सैल वेटोळं सोडतो. तिथून ती स्टँडच्या पायाला, पोर्टपासून वीतभर खाली, वेल्क्रोच्या पट्टीने बांधतो. मग पायाच्या कडेकडेने टेबलापर्यंत, तिथे दुसरी पट्टी. मग कंट्रोलरच्या मागून, पुन्हा एक वेटोळं, आणि प्लग. म्हणजे दोन्ही टोकांना झोल, मधे दोन गाठी.

पट्टी बांधायलाही एक रीत आहे. ती आधी केबललाच आवळायची, तिच्याच खाचेतून ओवून, म्हणजे केबल पट्टीतून सरकणार नाही. मग उरलेलं टोक स्टँडच्या पायाला गुंडाळायचं. बरेच जण केबल आणि पाय दोन्हींना मिळून एक सैल फेरा घालतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण केबल ओढली की त्यातून गुपचूप घसरते आणि ताण थेट प्लगवर जातो. बांधून झाल्यावर टेबलाच्या बाजूने केबल जरा जोरात ओढून बघा. लॅपटॉपकडचं वेटोळं जराही लहान झालं तर गाठ चुकली.

केबल टायने, म्हणजे त्या दातेरी प्लास्टिकच्या पट्टीने, कधी बांधू नका असं मी म्हणणार नाही. टेबल कायमचं असेल तर चालते. पण ती करकचून ओढली जाते आणि केबल चेपते, आणि रात्री दोन वाजता कापायला सुरी शोधताना तिच्यासोबत केबलही कापली जाते. हे मी केलंय.

कंट्रोलरकडचं टोक विसरू नका. सगळ्यांचं लक्ष लॅपटॉपकडे असतं, पण टेबलामागून जाणारा येणारा, मॉनिटर स्पीकर सरकवणारा, वायर आवरणारा, यांचे हात-पाय लागतात ते कंट्रोलरच्या मागच्या बाजूला. फ्लाइट केस, म्हणजे कंट्रोलर न्यायची कडक पेटी, तुमची स्वतःची असेल तर तिच्या आतल्या कडेला स्क्रूने एक छोटी पकड बसवून घ्या. चिकटवायची पकड वापरत असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चिकटवल्यावर एक दिवस हात लावू नका. त्याच संध्याकाळी लावून गेलात तर गरम दिव्याखाली ती सुटून येते.

भाड्याच्या टेबलावर गॅफर टेप. तो कापडी असतो, हाताने फाटतो आणि वेळेवर काढला तर मागे फारसा चिकटा सोडत नाही. खोकी बंद करायचा तपकिरी टेप चिकटा सोडतो आणि केबलवर तो कायम राहतो. काळा इलेक्ट्रिकचा टेप गरम झाला की घसरतो. टेबलावरची केबल आडव्या छोट्या तुकड्यांनी दोन-तीन जागी चिकटवा, पण जमिनीवरून माणसं चालणार असतील तिथे केबलच्या लांबीनुसार अखंड पट्टी लावा, नाहीतर मधल्या भागात बोट अडकतं. टेपच्या शेवटच्या टोकाला थोडी घडी घालून ठेवली तर अंधारात नखाने खरवडत बसावं लागत नाही.

आता बांधायचं कशाला, यावर माझं मत जरा हट्टी आहे. लॅपटॉपला कधीच नाही. सुरुवातीला मीही लॅपटॉपच्या तळाला पकड चिकटवून केबल तिला बांधायचो. केबल निसटायची नाही, मी खूश. मग एका रात्री सेट बदलताना मदतीला आलेल्या मुलाने जागा करायला केबलचा गुंता उचलला आणि ओढला. केबल निघाली नाही. लॅपटॉप निघाला. तो स्टँडवरून पुढे सरकत आला, मी गुडघ्याने अडवला, तरी बिजागरी तुटली. त्या रात्री केबल निसटली असती तर वीस सेकंद शांतता झाली असती, एवढंच. गोंदाला नाही म्हणतो ते याच कारणाने. चिकटवलेला प्लग ओढला गेला तर पोर्टच मदरबोर्डवरून उखडतो. कुठलीतरी गोष्ट सुटणारच असेल तर स्वस्त गोष्ट सुटावी. आणि हो, स्टँडही घट्ट हवा. टेबलाला क्लँप होणारा असेल तर उत्तम, नाहीतर त्याचे पाय रबरी गादीवर ठेवा.

लॉकच्या केबलचं तेच. यूएसबी-ए च्या कडेला कळ असलेल्या, आत अडकून बसणाऱ्या केबल मिळतात. यूएसबी-सी साठी तर स्क्रूने आवळायच्या प्लगचं अधिकृत प्रमाणही २०१६ मध्ये आलं, पण त्यासाठी समोरच्या यंत्रात आट्यांचं भोक लागतं. औद्योगिक कॅमेऱ्यांना ते असतं, आपल्या लॅपटॉपला नसतं. कळवाली केबल कंट्रोलरच्या टोकाला एखाद वेळी चालेल. लॅपटॉपच्या टोकाला मी लावणार नाही. चुंबकाने चिकटणाऱ्या केबल दिसायला छान असतात, फोन चार्ज करायला ठेवा. त्या सुटण्यासाठीच बनवलेल्या आहेत.

काटकोनी प्लग मात्र कामाचा. पोर्ट लॅपटॉपच्या कुशीत असेल आणि हात तिथून जात असेल तर सरळ प्लग बाहेर दांड्यासारखा राहतो आणि धक्का लागला की तरफ होते. काटकोनी प्लगने ती तरफ आखूड होते. फक्त घेताना दिशा बघा: वळल्यावर केबल तुमच्याकडे, मागे की खाली जाणार? उलट दिशेची घेतली तर शेजारचा पोर्ट झाकला जातो. आणि काटकोनी केबलच घ्या, काटकोनी अडॅप्टर नको. अडॅप्टर म्हणजे निसटायला आणखी एक सांधा. लांबीचंही तसंच. यूएसबी २.० ला पाच मीटरपर्यंत मुभा असली तरी टेबलावर दीड-दोन मीटर खूप झाली. जास्तीच्या केबलचं वजनच प्लगला ओढत असतं.

चार्जरकडेही एक नजर असू द्या. मॅकबुकचा मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारा चार्जर, २००६ साली आला, २०१६ पासून हळूहळू गेला आणि २०२१ मध्ये परत आला. पाय अडकला तर केबल सुटावी आणि लॅपटॉप वाचावा, हाच त्याचा हेतू. ते चांगलंच आहे, पण सुटलेला कळत नाही. विंडोज लॅपटॉपमध्ये चार्जर सुटला की काही वेळा मशीन बॅटरीच्या हळू गतीवर जातं आणि आवाजात कडकड सुरू होते, मग आपण पुन्हा यूएसबीलाच दोष देतो. दर तीन-चार ट्रॅकनंतर बॅटरीच्या चिन्हाकडे बघायची सवय लावा.

तुम्ही एका टेबलावर आळीपाळीने वाजवत असाल तर सगळ्यात जास्त केबल याच वेळी निघतात, आणि त्या निसटत नाहीत, कुणीतरी काढतो. येणारा घाईत असतो, जाणारा थकलेला असतो, आणि अंधारात सगळ्या केबल काळ्या. माझ्या केबलच्या दोन्ही टोकांना पिवळ्या टेपचा फेरा आहे, आणि टेबलावर येताच मी आधीच्याला सांगतो, ‘पिवळी माझी, तिला हात लावू नकोस.’ मिक्सरला दोन यूएसबी पोर्ट असतील, जसे पायोनियरच्या डीजेएम-९००एनएक्सएस२ ला आहेत, तर दुसऱ्याचा सेट चालू असतानाच दुसऱ्या पोर्टला जोडून घ्या. त्याची केबल तो वाजवणं थांबवल्यावर त्यालाच काढू द्या.

एवढं करूनही एखाद्या रात्री निघालीच तर? त्यासाठी मिक्सरच्या रिकाम्या चॅनेलवर लॅपटॉपशी संबंध नसलेलं काहीतरी तयार ठेवा. प्लेअरमध्ये पेन ड्राइव्ह, नाहीतर विमान मोडवर ठेवलेला फोन, त्यात वीस-पंचवीस मिनिटांचा सलग मिक्स, सुरुवातीला लांबलचक शांत भाग नसलेला. तुमच्या कंट्रोलरला बाहेरचा इनपुट असेल तर तो लॅपटॉपविना चालतो का ते घरी तपासा, सगळ्यांत चालत नाही. काही प्लेअरमध्ये पेन ड्राइव्ह अचानक निघाला तर शेवटचे काही ठोके आपोआप फिरत राहतात, त्याला इमर्जन्सी लूप म्हणतात. लॅपटॉप आणि कंट्रोलरच्या जोडीत तशी सोय गृहीत धरू नका.

आवाज गेल्या गेल्या हात केबलकडे धावतो, तो आवरा. आधी बंद पडलेल्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, पूर्ण खाली. कारण केबल परत बसली की आवाज एकदम पूर्ण जोरात येतो, कधी नुसता धाडकन फटका येतो आणि स्पीकरला लागतो. मग पर्यायी चॅनेल वर. लोक परत नाचायला लागले की निवांत केबल लावा, सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलर परत दिसतोय का बघा, आणि नसेल दिसत तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पुन्हा निवडा. हेडफोनमध्ये आवाज आल्याशिवाय फेडर वर न्यायचा नाही.

तुम्ही आधी ती प्लग हलवून बघायची चाचणी करा आणि आवाज कोणत्या टोकाला तुटला ते कळवा. कंट्रोलरच्या टोकाला तुटला असेल तर त्याचं सॉकेट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावर, हे बघावं लागेल. छोट्या बोर्डावर असेल तर ते बदलून घेणं हे तासाभराचं काम आहे.